ऑफिसमधले वायफाय एपी सांभाळायचे कसे : शिडीपासून कंट्रोलरपर्यंत

ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसचं वायफाय माझ्या गळ्यात पडलं तेव्हा दोन मजल्यांवर मिळून ९ डबे लटकत होते. माणसं साधारण ७०. त्यातले ५ एपी (अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा सिग्नल सोडणारा डबा) एका कंपनीचे, २ दुसऱ्याच कंपनीचे आणि २ चक्क घरगुती राउटर, त्यातला एक साहेबांच्या केबिनमध्ये, कारण "मला इथे रेंज येत नाही". सगळे फुल पॉवरवर. तक्रार आली की आधीचा माणूस अजून एक डबा लावून जायचा, असं करत करत ९ झाले आणि वायफाय रडायचं ते रडतच होतं. मी पहिल्या आठवड्यात नवीन काहीच घेतलं नाही, उलट ३ डबे उतरवले, उरलेल्यांची पॉवर कमी केली, दोन केबलींचे जॅक परत मारले. तक्रारीचे फोन निम्म्याच्या वर कमी झाले.

तर खाली जे लिहिलंय ते याच क्रमाने करा. आपण सगळे उलटं करतो, आधी नवा एपी घेतो आणि मग विचार करतो.

आधी मोजदाद

शिडी घ्या, मोबाईल घ्या आणि ऑफिसभर फिरून प्रत्येक एपीचा फोटो काढा, मागच्या स्टिकरसकट. मग एक साधी एक्सेल शीट: नाव, मॅक अॅड्रेस (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख-नंबर), सिरीयल नंबर, कुठे लावलाय, केबल कुठल्या स्विचच्या (सगळ्या केबली जिथे जोडतात ते यंत्र) कितव्या पोर्टला जाते, फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) कुठलं, कधी लावला. कंटाळवाणं काम आहे, अर्धा दिवस जातो, पण नंतर रात्री ९ वाजता कोणी फोन करून "मधल्या हॉलमधलं गेलंय" म्हणालं की घरबसल्या नेमका पोर्ट बंद-चालू करता येतो.

नावं अशी द्या की वाचून जागा कळेल. "२-अकाउंट्स-१" म्हणजे दुसरा मजला, अकाउंट्स, पहिला एपी. मॅकचे शेवटचे चार आकडे नाव म्हणून ठेवणारे लोक मी पाहिलेत, सहा महिन्यांनी त्यांनाच कळत नाही कुठला कुठे आहे. तेच नाव डब्यावर, केबलच्या दोन्ही टोकांना आणि पॅच पॅनेलवर (केबली येऊन संपतात ती पट्टी) चिकटवा.

या फेरीत हमखास एखादा पाहुणा सापडतो. टेबलाखाली, सीपीयूच्या मागे, कोणीतरी घरून आणलेला राउटर लॅन पोर्टला लावलेला. हा सगळ्यात घातक, कारण तो स्वतःचं डीएचसीपी (प्रत्येक डिव्हाइसला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, वाटणारी सोय) चालू करून बसतो आणि मग काही लॅपटॉपना ऑफिसचा आयपी मिळतो, काहींना त्या राउटरचा, आणि लोक म्हणतात "कधी चालतं कधी नाही". पकडायचा कसा? ज्या लॅपटॉपला चुकीचा आयपी मिळालाय त्यावर गेटवे (बाहेर जायचा रस्ता) कोण दिसतोय बघा, एआरपी टेबलमधून (कुठल्या आयपीचा मॅक कुठला याची यादी) त्याचा मॅक काढा, तो मॅक मॅनेज्ड (सेटिंग करता येणाऱ्या) स्विचच्या मॅक टेबलात शोधा, पोर्ट नंबर मिळतो, केबलमागे चालत जा. परत होऊ नये म्हणून स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग चालू करा, म्हणजे ठरवलेल्या पोर्टशिवाय कोणी आयपी वाटू शकत नाही. फक्त अपलिंक पोर्ट (खऱ्या डीएचसीपीकडे जाणारा) ट्रस्टेड करायला विसरू नका, मी एकदा विसरलो आणि पूर्ण वरचा मजला बिनआयपीचा बसला होता.

केबल आणि वीज

वायफायच्या बऱ्याच तक्रारी निघतात वायरीत. कंट्रोलरमध्ये (सगळे एपी एका जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर किंवा यंत्र) किंवा स्विचमध्ये प्रत्येक एपीचा लिंक स्पीड बघा. गिगाबिटचा एपी १०० एमबीपीएसवर बसला असेल तर बहुतेक वेळा केबलच्या आठ तारांपैकी एखादी नीट लागलेली नाही, कारण १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. जॅक कापा, परत क्रिंप करा, टेस्टर लावा. माझ्या ९ मधले दोन असेच निघाले, आणि त्यांच्याखाली बसणारे लोक वर्षभर नेटवाल्याला शिव्या घालत होते.

केबल शुद्ध तांब्याची घ्या. स्वस्तात मिळते ती सीसीए, म्हणजे आत अॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा नुसता मुलामा, डेटा कसाबसा जातो पण त्यातून वीज पाठवली की लांब अंतरावर व्होल्टेज पडतं, केबल तापते आणि एपी मधेच रिस्टार्ट होतो. एकूण लांबी पॅचकॉर्ड धरून १०० मीटरच्या आत.

विजेचा हिशोब मात्र कागदावर करा. ८०२.३एएफ पीओईमध्ये (पीओई म्हणजे डेटाच्याच केबलमधून वीज) स्विच पोर्टला १५.४ वॅट देतो आणि टोकाला १२.९५ पोचतात, त्याच्या पुढच्या एटीमध्ये ३० देतो आणि २५.५ पोचतात. नवीन वायफाय ६ चे बरेच एपी एटी मागतात. आता ८ पोर्टचा स्विच घेतला ज्याचं एकूण बजेट ६० वॅट आहे आणि त्यावर सहा एपी चढवले, तर सकाळी ऑफिस रिकामं असताना सगळे हिरवे दिसतात आणि ११ वाजता गर्दी झाली, वीज जास्त खेचली गेली की एखादा गचकतो. लोकांना वाटतं एपी खराब. जुने काही एपी २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवर चालतात, त्याचा इंजेक्टर (केबलमध्ये वीज घालणारा अॅडाप्टर) भलत्या डब्याला लावू नका, तो वीज देण्याआधी समोर कोण आहे ते विचारत नाही.

आणि पीओई स्विच यूपीएसवर हवाच. लाईट दोन सेकंद गेली तरी सगळे एपी परत बूट होणार, म्हणजे काही मिनिटं सगळे हातावर हात धरून बसणार.

कुठे लावायचा

छताला, आडवा, लोगो खाली जमिनीकडे. सीलिंगला लावायचे एपी भिंतीवर उभे लावले की अर्धा सिग्नल शेजारच्या ऑफिसात जातो. पत्र्याच्या फॉल्स सीलिंगच्या वर लपवू नका, आर्किटेक्ट कितीही म्हणाला की दिसायला वाईट दिसतं तरी. पीओपीच्या वर एकवेळ चालतो. लिफ्टची भिंत, आरसीसी कॉलम, एसीचा डक्ट, लोखंडी कपाटांची रांग, फिल्म लावलेली काच, हे सगळे सिग्नल खातात. पॅसेजमध्ये ओळीने लावायची पद्धत पण वाईट, कारण तिथे बसतं कोण? आणि सगळे एपी एकमेकांना लांबच लांब ऐकत बसतात. माणसं जिथे बसतात तिथे डबा.

भोक पाडायच्या आधी एपी शिडीला टेपने बांधून चालू करा आणि मोबाईलवर वायफाय अॅनालायझरसारखं अॅप घेऊन सगळ्या खुर्च्यांपाशी जा. ५ गिगाहर्ट्झवर (वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ अशा दोन बँडवर चालतं) उणे ६७ डीबीएम (सिग्नलची ताकद, आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं) किंवा त्याहून चांगला मिळाला तर व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ च्या खाली गेलं की कुरकुर. केबिनचं दार बंद करून पण मोजा, साहेब दार बंद करूनच मीटिंग घेतात.

किती एपी लागतील ते चौरस फुटावर ठरवू नका, माणसांवर ठरवा. एका माणसाचे दोन डिव्हाइस धरा, एका एपीवर ३० च्या आसपास चालू डिव्हाइस हा माझा हिशोब आहे, डब्याच्या खोक्यावर २०० की ३०० काय लिहिलंय ते विसरा.

कंट्रोलरखाली आणणे

तीन-चारच्या वर एपी असतील तर एकाच कंपनीचे आणि एका कंट्रोलरखाली हवेत. युनिफाय, ओमाडा, अरुबा इन्स्टंट ऑन, रकस, कुठलंही घ्या, बजेट बघून. मुद्दा हा की पासवर्ड बदलायला सात ठिकाणी लॉगिन करायला लागू नये.

आधी कंट्रोलरला पक्का आयपी द्या. कोणाच्या तरी लॅपटॉपवर कंट्रोलर टाकून ठेवू नका, तो माणूस नोकरी सोडतो आणि लॅपटॉप फॉरमॅट होतो, हे झालेलं आहे. मग कंट्रोलरमध्ये देश भारत निवडा, हे फार लोक सोडून देतात आणि अमेरिका तसंच राहतं. आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधला ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा बिनलायसन्स खुला झाला, तेव्हा देश नीट निवडला तरी चॅनल भरपूर मिळतात, खोटा देश टाकायचं काही कारणच नाही.

मग एकेक एपी अडॉप्ट करायचा (कंट्रोलरच्या ताब्यात द्यायचा), नाव द्यायचं, फर्मवेअर चढवायचं, पुढचा. सगळे एकदम अडॉप्ट केले की कुठला कुठे ते परत शोधत बसावं लागतं. एपी आणि कंट्रोलर वेगळ्या सबनेटमध्ये (आयपी पत्त्यांच्या गटात) असतील तर एपी आपोआप दिसणार नाही, तेव्हा डीएचसीपीच्या ऑप्शनमधून (बऱ्याच कंपन्यांत ४३, ओमाडात १३८) कंट्रोलरचा पत्ता द्या. जुना, दुसरीकडे वापरलेला एपी असेल तर तो आधीच्याच कंट्रोलरला चिकटून असतो, रिसेटचं बारीक भोक पिनने १० सेकंद दाबून धरा.

कंट्रोलर बंद पडला तरी वायफाय सहसा चालू राहतं, एपी आपली सेटिंग स्वतःजवळ ठेवतात. पाहुण्यांचं लॉगिन पेज मात्र बऱ्याच सिस्टीममध्ये अडकतं. बॅकअप ऑटोमॅटिक लावा आणि त्याची एक कॉपी त्या मशीनच्या बाहेर ठेवा.

व्हीलॅन, एसएसआयडी आणि आयपी

इथे जरा सावकाश वाचा, कारण गोंधळ इथेच होतो.

एसएसआयडी (फोनवर दिसणारं वायफायचं नाव) तीनच ठेवा, चार म्हणजे डोक्यावरून पाणी. स्टाफ, पाहुणे, आणि यंत्रं म्हणजे प्रिंटर, हजेरीचं मशीन, टीव्ही. प्रत्येक एसएसआयडीसाठी प्रत्येक एपी सेकंदाला साधारण १० वेळा "मी इथे आहे" असं ओरडतो, तेही सगळ्यात हळू स्पीडवर. सात एसएसआयडी आणि सात एपी केले की हवेचा बराच वेळ नुसता ओरडण्यातच जातो. एचआरसाठी वेगळं, डायरेक्टरसाठी वेगळं असलं काही करू नका.

व्हीलॅन (एकाच केबलीवर वेगळी ठेवलेली नेटवर्कं) मी असे ठेवतो: १० मॅनेजमेंट, २० स्टाफ, ३० पाहुणे, ४० यंत्रं. एपीच्या स्विच पोर्टला १० अनटॅग्ड आणि २०, ३०, ४० टॅग्ड (टॅग म्हणजे डेटावर व्हीलॅनचा नंबर चिकटवणं). हेच दोन मजल्यांमधल्या अपलिंकवर आणि फायरवॉलकडे (इंटरनेटच्या दारावरचा पहारेकरी) जाणाऱ्या पोर्टवरही टॅग्ड हवेत. नेमकं तिथलं राहून जातं. लक्षण ठरलेलं आहे: नाव दिसतं, पासवर्ड घेतो, आणि मग फोन "आयपी अॅड्रेस मिळवत आहे" वर गरगरत बसतो. असं झालं की एपीला हात लावू नका, एपीपासून फायरवॉलपर्यंतचा प्रत्येक पोर्ट कागदावर लिहून टिक करत जा, एक कुठेतरी सुटलेला सापडेल.

दुसरं कारण म्हणजे आयपी संपणं. २४ च्या सबनेटमध्ये २५४ पत्ते, त्यातले काही राखीव, आणि ७० माणसांच्या ऑफिसात लॅपटॉप, फोन, घड्याळं, कुरिअरवाला, क्लायंट असे येऊन जातात. त्यात अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक न दाखवता बनवलेला दाखवतात, म्हणजे तोच फोन विसरून परत जोडला तरी कधीकधी नवा पाहुणा म्हणून मोजला जातो. पाहुण्यांच्या व्हीलॅनला लीज (दिलेला आयपी किती वेळ राखून ठेवायचा) २ तासांची ठेवा. स्टाफला कमी पडत असेल तर २३ चा सबनेट करा, ५१० पत्ते मिळतात. आणि त्याच कारणामुळे मॅक फिल्टर लावून कोणाला अडवायचा खेळ आता सोडून द्या.

पाहुण्यांच्या व्हीलॅनमधून ऑफिसच्या कुठल्याही आयपीकडे जायला फायरवॉलवर बंदी, आणि एपीवर क्लायंट आयसोलेशन (वायफायवरच्या डिव्हाइसना एकमेकांशी बोलू न देणं) चालू. यंत्रांच्या व्हीलॅनमध्ये आयसोलेशन लावलं तर टीव्हीवर स्क्रीन टाकणं बंद पडू शकतं, तिथे बघून लावा. सेटिंग झाल्यावर पाहुणा म्हणून जोडून स्वतः प्रिंटर उघडतो का ते बघा, न बघता "झालं" म्हणू नका.

चॅनल आणि पॉवर

२.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनल १, ६, ११, बस. रुंदी २० मेगाहर्ट्झ. मधलं ३ किंवा ८ निवडून हुशारी करणारा दोन्हीकडच्यांना त्रास देतो. खरं तर या बँडमध्ये शेजारच्या गाळ्यांचं, ब्लूटूथचं, पँट्रीतल्या मायक्रोवेव्हचं इतकं काही चाललेलं असतं की मी काही एपींचं २.४ बंदच करतो आणि फक्त यंत्रांपुरतं ठेवतो. दुपारी १ ते २ मध्येच तक्रार येत असेल तर आधी जेवणाचे डबे गरम करायचं मशीन कुठे आहे ते बघा, मस्करी नाही करत.

५ मध्ये रुंदी ४० ठेवा. ८० ठेवलं की स्पीड टेस्टचा आकडा छान येतो, पण चॅनल कमी पडतात आणि एपी एकमेकांच्या अंगावर येतात. रडारचं झेंगट नसलेले ४० रुंदीचे चार मिळतात: ३६, ४४, १४९, १५७. सहा-सात एपींना हे फिरवून पुरतात, फक्त शेजारी-शेजारी आणि वर-खाली सारखे येणार नाहीत असं नकाशावर लिहून काढा. खालच्या मजल्याचं स्लॅबमधून वर येतं हे लोक विसरतात.

५२ ते १४४ चॅनल डीएफएसचे, म्हणजे रडारला आधी वाट द्यायचे. तिथे एपीला आधी साधारण मिनिटभर ऐकत थांबावं लागतं आणि रडार जाणवलं की चॅनल सोडून पळावं लागतं. मुंबईत वेरावलीला २०२२ पासून हवामान खात्याचं सी-बँड रडार चालू आहे, सी-बँड म्हणजे ४ ते ८ गिगाहर्ट्झ, आपलं ५ चं वायफाय याच घरात राहतं. अंधेरी-जोगेश्वरीकडे ऑफिस असेल किंवा कुठल्याही विमानतळाजवळ, तर आठवडाभर डीएफएस लावून लॉगमध्ये रडारच्या नोंदी येतात का बघा. येत असतील तर नाद सोडा. मीटिंगमध्ये सगळ्यांचे कॉल एकदम तुटले आणि अर्ध्या मिनिटात परत आले तर पहिला संशय यावरच.

पॉवर. एपीची पॉवर वाढवली की फोनवर दांड्या पूर्ण दिसतात पण फोनचा आवाज एपीपर्यंत पोचायला नको का? एकाकडे लाउडस्पीकर, दुसऱ्याकडे नुसता घसा, असं बोलणं होत नाही. मी ५ ला १५ डीबीएमच्या आसपास आणि २.४ ला त्याच्यापेक्षा ६ ने कमी ठेवून सुरुवात करतो, मग मोजून वर-खाली. २.४ कमी ठेवलं नाही तर फोन लांब पोचतं म्हणून त्यालाच धरून बसतात. ऑटो चॅनल लावायचंच असेल तर रात्री ३ ला, दिवसा नाही.

सगळ्यात हळू रेट, म्हणजे १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस बंद करा, किमान ६ किंवा १२ ठेवा. त्याआधी हजेरीचं जुनं मशीन आणि गोडाऊनचा स्कॅनर चालतो का तपासा, नाहीतर महिनाअखेरीला पगारवाले तुमच्या दारात.

चालता-चालता तुटणं

कुठल्या एपीला चिकटायचं ते फोन ठरवतो, एपी नाही. एपी फक्त सुचवू शकतो, त्यासाठी ८०२.११ चे (वायफायच्या मानकाचे) के आणि व्ही हे भाग चालू करा, त्याने फारसं काही बिघडत नाही. आर ने उडी (एका एपीवरून दुसऱ्यावर जाणं) पटकन होते पण काही जुने प्रिंटर जोडलेच जात नाहीत, म्हणून तो फक्त स्टाफवर. किमान सिग्नलखाली गेलेल्याला हाकलायची सेटिंग असते, ती उणे ७८-८० ला ठेवा. उणे ६५ ठेवली तर कोपऱ्यातला माणूस दिवसभर आत-बाहेर करत बसेल.

कुलूप

डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ (वायफायच्या कुलपाचे प्रकार) मिक्स मोड स्टाफला, यंत्रांना नुसतं डब्ल्यूपीए२. एकच पासवर्ड ७० जणांत असेल तर कोणी नोकरी सोडली की बदलायला हवा आणि कोणीच बदलत नाही, म्हणून जमलं तर रेडियस (लॉगिन तपासणारा सर्व्हर) लावून प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन करा, माणूस गेला की एकच खातं बंद. एसएसआयडी लपवून काही सुरक्षा मिळत नाही, फक्त नवीन माणूस जोडताना हाल.

फर्मवेअरचं लांबवू नका. २०१७ चं क्रॅक आणि २०२१ चं फ्रॅगअटॅक्स, दोन्ही वायफायच्या मुळाशी असलेल्या चुका होत्या आणि उपाय फर्मवेअर अपडेटमधूनच आला. पण शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांवर एकदम चढवू नका. पँट्रीतल्या एपीवर चढवा, दोन दिवस बघा, मग बाकीचे.

लॉग एपीवर राहत नाहीत, रिस्टार्टला पुसले जातात, तेव्हा सिसलॉग सर्व्हरला (लॉग गोळा करणारं वेगळं मशीन) पाठवा. सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात कंपन्यांना १८० दिवसांचे लॉग ठेवायला आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायला सांगितलंय. घड्याळं पण एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवणारी सोय) जुळवलेली आणि टाइमझोन सगळीकडे एकच हवा, नाहीतर फायरवॉल सांगतं १०:१५ आणि एपी सांगतो पहाटेचे पावणेपाच, म्हणजे यूटीसी.

"नेट स्लो आहे" असा फोन आल्यावर

लगेच रिस्टार्ट मारू नका. विचारा: एकालाच की सगळ्यांना? एकाच जागी की सगळीकडे? मग केबल लावलेल्या पीसीवर स्पीड बघा, तिथेही हळू असेल तर लाईनवाल्याला फोन करा, एपीचा काही संबंध नाही. केबलवर ठीक असेल तर कंट्रोलरमध्ये त्या माणसाचं नाव उघडा: कुठल्या एपीवर, कुठल्या बँडवर, सिग्नल किती, आयपी बरोबर का. मग त्या एपीचं चॅनल किती भरलंय ते. सतत ६०-७० टक्क्यांच्या वर असेल तर आधी चॅनल बदलून बघा, मग जुने हळू डिव्हाइस, मग गर्दी वाटून घेण्यासाठी नवीन एपी, या क्रमाने.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तारीख टाकून त्याच एक्सेलच्या दुसऱ्या शीटवर लिहा. रोज रात्री सगळे एपी रिस्टार्ट करायचं शेड्यूल लावणारे आहेत, मला ते पटत नाही, दुखणं काय होतं ते सकाळी सापडतच नाही.

एक एपी सेटिंग करून, त्याच फर्मवेअरचा, कपाटात ठेवा. आणि जुना काढलेला भंगारात किंवा कोणाला द्यायच्या आधी कंट्रोलरमधून फरगेट करून रिसेट मारा, आमच्या त्या साहेबांच्या केबिनमधल्या राउटरमध्ये ऑफिसच्या इंटरनेट लाईनचा युजरनेम-पासवर्ड जसाच्या तसा होता आणि तो ऑफिसबॉयच्या घरी जायला निघालेला.